पहारेकऱ्याने न मागितलेली खूण

प्रिय दिपे,

सात वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी कपाळाला आठ्या घालशील, मग पाकीट उलटंसुलटं करशील. तिकीट नाही. शेजारचा महिपत तुमच्या टोकावड्याला निघालाय, त्याच्या हाती धाडतोय. टपालाने पोचेपर्यंत उशीर झाला असता.

आधी खुशाली. कल्याणच्या ऑफिसात बातमी लागली की आपल्या खेळाचा चौथा भाग आलाय. तोच, २००१ साली मुरबाडच्या कॉम्प्युटर क्लासात मासिकाबरोबरच्या सीडीवरून खेळायचो तो. कंपनी वगैरे काही नाही, अजूनही एकच माणूस घरी बसून बनवतो म्हणे. ते ऐकून मी जपून ठेवलेली आपली पहिल्या भागाची सीडी लावली. तीच ठोकळ्यांची माणसं, तलवारीचा तोच पत्र्यावर चमचा आपटल्यासारखा आवाज. मला रडूच आलं. आपली टोळी आठवली. मी तलवारवाला, तू धनुष्यवाली, जादूगाराला क्लासच्या देवजी शिपायांचं नाव, आणि जखमा बऱ्या करणारीला तू तुमच्या शेळीचं नाव दिलंस, गोदू. देवजींना कळतं तर दुपारची क्लासची चावी मिळालीच नसती.

लाइट जायच्या आत खेळ सेव्ह करायचा, नाहीतर मारलेली भुतं परत उभी. ते भान तुला. इंग्रजी वाचायचं तेही तू, कारण माझं इंग्रजी म्हणजे आनंदच होता. त्यामुळे उत्तरेच्या दरवाजावर पहारेकऱ्याने अडवलं तेव्हा तू वाचून सांगितलंस, राजाची खूण आणल्याशिवाय हा सोडणार नाही. मग पावसाळा सरून थंडी पडली तरी आपण गुहा धुंडाळत होतो. मडकी फोडली, हाडकं उलथली. मी चिडून टेबलावर हात आपटायचो आणि तू म्हणायचीस, "सापडंल रे, कुठं जातंय."

या खेपेला दरवाजावरचं मी स्वतः वाचलं. फुकटचा नमुना इथे संपला, पुढचं हवं असेल तर पूर्ण खेळ विकत घ्या. बस. राजा नाही, खूण नाही. आधी खूप हसलो, म्हटलं काय फिरकी घेतली पोरीने. मग हसू विरलं. खेळ संपला असं सांगितलं असतंस तर दुसऱ्या दिवसापासून आपण भेटलो असतो कशाला?

पण मग पौषात म्हसा गावच्या जत्रेहून परतताना मी लग्नाचं विचारलं, तेव्हा नाही का म्हणालीस? "नाय रे सुदाम, आपलं नाय जमायचं." कारण सांगितलं नाहीस, क्लासही सोडलास. इतकी वर्षं मी धरून चाललो की मीच तुला पसंत नव्हतो. तुला शिव्याही घातल्या, खोटं कशाला बोलू.

आज आमच्या मांडवात देवक बसवलं. उद्या माझं लग्न आहे, पत्रिका पोचलीच असेल. कळंबाची डहाळी बांधता बांधता काकू सहज बोलून गेली, "तुझ्या क्लासातल्या त्या टोकावड्याच्या पोरीचं देवक पन कळंबच. तवाच्या दिवालीला आलेली, आपलं देवक इचारून गेली. च्या पन नाय घेतला." देवक एक म्हणजे बहीण-भाऊ, लग्न होत नाही, एवढं मलाही कळतं.

म्हणजे त्या वर्षीच्या दिवाळीपासून तुला ठाऊक होतं. तरी जत्रेपर्यंत रोज येऊन माझ्या शेजारी बसलीस, नसलेली खूण शोधत राहिलीस. मला सांगितलं असतंस तर मी अख्ख्या भावकीशी भांडलो असतो आणि मला वाढवणाऱ्या काका-काकूंना वाळीत पडावं लागलं असतं. माझा राग तुझ्याइतका कोणी ओळखला नाही. सगळं एकटीने गिळलंस. फार वाईट वाटतंय दिपे. आणि मी तुला नकोसा नव्हतो म्हणून बरंही वाटतंय, त्याची लाज वाटते.

शकूचा, माझ्या होणाऱ्या बायकोचा, यात काही दोष नाही. धसईची आहे, चांगली आहे, मी तिला नीट सांभाळीन. पण काकूने तुला आग्रहाचं बोलावणं केलंय आणि तू येतेस असा निरोपही आलाय. एवढ्याचसाठी घाईने लिहितोय. येऊ नकोस. अंतरपाट दूर झाला की मला शकूकडे बघायचं आहे, आणि तू मांडवात असलीस तर ते मला जमणार नाही.

उद्या दुपारच्या मुहूर्तापर्यंत तुझाच,
सुदाम