पाणी न दिलेला कोपरा

१४ जून
दिवेलागणीला भुंगेरे उडायला लागले. आता हिरवळीत अंडी घालणार! गेल्या वर्षी यांच्याच अळ्यांनी मुळं खाल्ली — अर्धं मैदान सतरंजीसारखं गुंडाळून हातात आलं. मी बावीस वर्षं राखलेलं मैदान! क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "यंदा तज्ज्ञ बोलावलाय."

१७ जून
तज्ज्ञ म्हणजे बाई निघाल्या. पन्नाशीच्या, एकट्याच राहतात. चष्मा डोक्यावर, आणि शोधतात पिशवीत! गवतात गुडघे टेकून बसल्या. म्हणाल्या, "हे औषध अळीला लगेच मारत नाही. धड कात टाकू देत नाही, मग ती वाढतच नाही. अंडी फुटायच्या सुमाराला फवारायचं, वर भरपूर पाणी — मुळांपर्यंत मुरायला हवं. मग धीर धरायचा."
धीर! बायको जाऊन सहा वर्षं झाली. दुसरं करतोय काय?

१ जुलै
बाईंनी हिरवळीचा फूटभर चौकोन कापून पाहिला. अंडी फुटायला आलीत. चहा माझ्या खोलीत घेतला. कप त्यांनीच विसळून पालथा घातला. मी तो अजून उचललेला नाही.

३ जुलै
फवारणी झाली. जाताना म्हणाल्या, "अळ्या आटोक्यात आल्या की माझ्या फेऱ्या संपल्या हो, दादा."
दादा!
पावसानं दडी मारलीय, म्हणून नळीनं सगळीकडे पाणी दिलं. कुंपणाकडचा कोपरा राहिला होता. नळी हातात होती — आणि मी नळ बंद केला.

४ जुलै
लाज वाटते. तरी पाणी दिलं नाही.

८ ऑगस्ट
मैदानभर चौकोनामागे एखाददुसरी अळी, तीही मरतुकडी. कोपऱ्यात अकरा! गुबगुबीत.
"इथे पाणी कमी पडलं का?"
"दिलंच नाही."
"का?"
"तुमचं येणं थांबलं असतं."
त्यांनी हातातली माती बोटांत चुरली. मग म्हणाल्या, "मोठ्या झाल्यात. आता हे औषध लागू पडायचं नाही. खुरप्यानं काढा." पिशवी उचलली, गेल्या. मागे वळून पाहिलं नाही.

९ ऑगस्ट
सेक्रेटरींना सांगितलं — पाणी मीच दिलं नाही. कारण सांगितलं नाही. खूप बोलले. ऐकून घेतलं. दिवसभर कोपरा उकरला. कंबर गेली कामातून.

२२ ऑगस्ट
बाईंच्या फेरीचा दिवस. दाढी करून फाटकाशी उभा. त्यांच्या जागी आले एक गृहस्थ! "बाईंनी हे मैदान सोडलं," म्हणाले.


२३ ऑगस्ट
सकाळी बाईंचा फोन. "मुद्दामच सोडलं. मैदानावर आले की अळ्यांबद्दलच बोलावं लागतं. रविवारी घरी असता का?"
असतो म्हणालो.