वाटखर्ची घेतलेले चेहरे

७ जानेवारी १९०८, माँटे कार्लो

लागली एकदाची नोकरी! सकाळच्या गाडीनं मेंतोंहून निघालो तेव्हा आईनं फडक्यात पालक भरलेल्या करंज्या बांधून दिल्या आणि बजावलं, की ओनोरे, दारात उभं राहायचं, पगार घ्यायचा, खेळायला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. मी म्हटलं, आई, मला पगार मिळणार तो दारात उभं राहण्याचाच. तेव्हा कुठं हसली.

काम सोपं आहे. कॅसिनोच्या दारात उभं राहून येणाऱ्याचं तोंड बघायचं, आणि ज्याला बंदी आहे त्याला गोड बोलून परत पाठवायचं. एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. शाळेत या गुणाचा काडीचा उपयोग झाला नाही, पण इथं झाला. आमचे मुख्य ओरेंगोसाहेब गेली तीस वर्षं त्या दारात आहेत. त्यांनी चाळीस फोटो भराभर दाखवले, पिसले आणि पुन्हा विचारले. एकही चुकलो नाही. मग ते माझ्याकडेच टक लावून बसले. म्हणाले, पोरा, तुला मी कुठंतरी पाहिलंय. मी म्हटलं, मेंतोंच्या बाजारात लिंबं विकताना पाहिलं असेल. ते म्हणाले, मी बाजाराला जात नाही.

१० जानेवारी

तीन दिवस नुसता अल्बम पाठ करतोय. जो खेळाडू पार धुतला जातो त्याला इथं वाटखर्ची मिळते, म्हणजे घरापर्यंतचं तिकीट आणि वर चार फ्रँक. त्या बदल्यात त्याचा फोटो काढून अल्बमात डकवतात. वाटखर्ची फेडेपर्यंत त्याला या दारातून प्रवेश नाही. आजवर एकानं फेडली असेल तर शपथ! सहाशेच्या वर चेहरे आहेत. सगळ्यांचं तोंड सारखं, आत्ताच कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं. काहींच्या खाली लाल शाईचा बारीक क्रूस आहे. ते गाडीत बसलेच नाहीत. कॅसिनोच्या मागच्या गच्चीखालून रेल्वे जाते.

मला त्यांची दया येत नाही. माझा बाप असाच होता. मी चार वर्षांचा असताना लिंबांची बाग गहाण टाकून जिंकायची ‘पद्धत’ घेऊन इकडं आला, तो परतला नाही. आईनं त्याचा एकुलता एक फोटो चुलीत घातला. मला त्याचा चेहरा ठाऊक नाही. सगळ्या जगाचे चेहरे लक्षात ठेवणारा मी, आणि हा एवढा एक नाही. त्याच बागेत आई आज दुसऱ्याच्या मजुरीवर लिंबं कागदात गुंडाळते.

२१ जानेवारी

दे स्मेत नावाचा एक निवृत्त बेल्जियन पोस्टमास्तर आहे. रोज दहाच्या ठोक्याला हजर. हरला की दुप्पट लावायचं, कधीतरी जिंकणारच, ही त्याची पद्धत. आज मला दारात गाठून समजावू लागला. मी म्हटलं, मास्तर, रुलेटच्या चाकाला घरं सदतीस, आणि नंबर लागला तर आपला धरून पदरात पडतात छत्तीस. ते एक घर सगळ्यांना खातं. तुम्ही दुप्पट लावा, तिप्पट लावा, नाहीतर उलटे टांगून घ्या. तो म्हणाला, पण कागदावर तर दर वेळी जिंकतो! मी म्हटलं, कागदावर माझा बापही जिंकला होता. मूर्खांचा बाजार नुसता.

४ फेब्रुवारी

आज एक विचित्र गोष्ट घडली. आत निरोप द्यायला गेलो होतो. सहा नंबरच्या टेबलामागे एक माणूस उभा होता, जुन्या पद्धतीची कॉलर, हातात वही. चाक थांबलं की नंबर लिहीत होता. अल्बमातला दोनशे सतरा! एमिल दोर, फोटो १८८७चा. मी धावत बाहेर आलो आणि साहेबांना म्हटलं, तुमच्या नजरेतून बंदीवाला निसटला की! साहेब हसले नाहीत. अल्बम उघडून दोनशे सतरावर बोट ठेवलं. खाली लाल क्रूस होता. म्हणाले, हा मीच काढलाय. याला रुळावरून उचलला तेव्हा मी तिथं होतो. तू आपलं दार सांभाळ, सहा नंबरकडे बघू नकोस.

कुणीतरी सारखा दिसणारा असेल. पण माझी नजर चुकत नाही. एकवीस वर्षांत माणूस म्हातारा होतो, हा झालेला नाही.

५ फेब्रुवारी

डगल्याच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. कुणी घातली, देव जाणे. तीन आकडे: १४, ३१, ९. डबा खायच्या सुट्टीत सहज सहा नंबरपाशी उभा राहिलो. चौदा आले. एकतीस आले. नऊ आले. मी करंजी तशीच हातात धरून उभा.

१७ फेब्रुवारी

बारा दिवस, बारा चिठ्ठ्या. छत्तीसपैकी छत्तीस आकडे खरे! मी नोकर आहे, मला खेळायला बंदी, म्हणून नुसता बघतो. तो समोर उभा असतो आणि लिहितो. माझ्याकडे कधी बघत नाही. लोक त्याच्या अंगावरून हात घालून नाणी लावतात.

सदतीस घरांचं माझं गणित चूक नाही. पण हे काय आहे मग?

१ मार्च

रविवारी घरी गेलो होतो. बागेचा मालक बाग विकतोय. आईनं माझ्यासमोर डबा ओतला. एकवीस वर्षं लिंबं गुंडाळून साठवलेले आठशे फ्रँक. म्हणाली, वकिलाकडे बयाणा म्हणून भर बाबा, उरलेले आपण दोघं मिळून फेडू. मग रुमालाच्या गाठीत बांधलेली दोन सोन्याची नाणी दाखवली. म्हणाली, ही माझ्या मातीसाठी आहेत, ह्यांना हात लावायचा नाही. निघताना तिनं माझ्या गालाला हात लावला. तिची बोटं कातरून गेलीयत.

आठशेत बयाणा होतो. तीन आकडे बरोबर आले तर अख्खी बाग होते.

छे! मी माझा बाप नाही.

१६ मार्च

राजीनामा दिला. नोकरी सोडणाऱ्यालाही इथं वर्षभर खेळायला बंदी. पण मी काय आंधळ्यांत काम केलंय? ओळख कशानं बुजते ते मला ठाऊक आहे. उद्या दाढी उतरवणार, जुन्या बाजारातून कॉलर आणलीय, नाव खोटं सांगणार. एकदाच. फक्त आईसाठी. आकडे आले आहेत: २२, ५, ३०.

१७ मार्च

फसवलं म्हाताऱ्याला! ओरेंगोसाहेबांनी माझं तोंड पाहिलं आणि पांढरे फटक पडले. छातीवर क्रूस काढला, तोंडातल्या तोंडात दोनशे सतरा म्हणाले आणि बाजूला झाले. अडवलंसुद्धा नाही. मला हसू आवरेना.

तो टेबलामागे होता. आज पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मान हलवत होता, नाही, नाही, अशी. मी म्हटलं, आता कशाला भितोस, आकडे तुझेच आहेत.

बाविसावर लावले. सतरा आले.

पाचावर. शून्य.

तिसावर सगळे राहिलेले—

१८ मार्च

मागितली. वाटखर्ची. काय करणार, आईपुढं कुठल्या तोंडानं—

फोटो काढला. दाढीशिवाय. नंबर सहाशे चाळीस. ओरेंगोसाहेब अल्बम घेऊन आले, दोनशे सतराचं पान उघडून माझा फोटो शेजारी ठेवला. तेच कपाळ. तेच नाक. तीच थोबाडीत खाल्लेली नजर. साहेब रडत होते. म्हणाले, पोरा, पहिल्याच दिवशी ओळखायला हवं होतं रे.

त्यानं पण नाव खोटंच दिलं होतं. हे असं दिसायचे तर बाबा.

गच्चीवर बसलोय. ऊन छान पडलंय. मेंतोंची गाडी पावणेबाराला. डगला काढून कठड्यावर ठेवला, जड होतो. तिकीट खिशात आहे. आई फलाटावर उभी असेल, बयाण्याची पावती बघायला—

गाडी आली.

१९ मार्च

गंमत आहे. दहा वाजता सरळ दारातून आत आलो, कुणी अडवलं नाही. ओरेंगोसाहेब लाल शाईनं काहीतरी बारीक काढत होते. वर पाहिलंच नाही.

बाबांच्या शेजारी उभा आहे. हात थांबत नाही. नको म्हटलं तरी लिहितो. चाक फिरण्याआधीच—

बाबा म्हणाले, मी कधी कुणाला खेळ म्हटलं नाही रे. हात लिहितो आणि चिठ्ठी आपल्या माणसाच्या खिशात जाते. म्हणाले, आपलं माणूस पैसे लावत नाही तोवर सगळं खरं येतं.

२३ मार्च

आई आलीय.

इथं, आत. काळे कपडे. हातावर माझा डगला. ओरेंगोसाहेब तिला धरून आणतायत. म्हणतायत, माई, इथं बसला होता तो. ती खुर्चीवरून हात फिरवतेय.

डगल्याच्या खिशात हात घातला. चिठ्ठी. माझं अक्षर तिला ओळखू येतं. वाचतेय, ओठ हलवत. वाटतं तिला की मी काही सांगून गेलो—

पहिला आकडा आला.

आई, जा. घरी जा.

दुसरा आला. हसली गं. एकवीस वर्षांत अशी—

रुमालाची गाठ सोडतेय. नको. ती तुझ्या मातीची. ओरेंगोसाहेब, धरा तिचा हात! बाबा ओरडतायत, मी ओरडतोय, तिला ऐकू—

आई, कागदावरच खरं असतं गं, नुसतं कागदाव—