आजोबांच्या कच्च्या गाठी

४ जून

ती. आत्यास,
स. सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या शेजारच्या सुतारखान्यात मला एक जुलैपासून जागा मिळाली हे वाचून मी घरात एकटाच नाचलो. आता इथून पाय निघायला हवा, एवढंच.

आजोबा प्रभूघरी गेल्यापासून दारात माणसं उभी. घड्याळ अडलं, चल. मनगट मुरगळलं, चल. केस कापायचेत, कलम बांधायचंय, कुणी वारलं तर शवपेटीच्या फळ्या जोडायच्यात, चल. आजोबा म्हणजे एका माणसात अख्खा बाजार होता हे मान्य, पण मी काय त्यांची शाखा उघडून बसलोय? आजी त्यांना एक ना धड भाराभर चिंध्या म्हणायची. त्या चिंध्या आता माझ्या गळ्यात आल्यात आणि मला नाही म्हणता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. पाळकसाहेबांनी उपासनेत पायपेटी वाजवायला मला तात्पुरतं बसवलं होतं. सगळा हिवाळा गेला, उन्हाळा गेला, मी अजून तात्पुरताच आहे.

एक गोष्ट मात्र कळत नाही. परवा पायपेटीचा भाता उघडला. फाटलेलं कातडं नुसतं सुतळीने बांधलेलं! दर आठवड्याला ती गाठ सुटते आणि दर आठवड्याला कुणीतरी जाऊन बांधायची. शाळेच्या घड्याळात चाकाखाली कागदाची घडी, विहिरीच्या पंपाला चिंधी. इतक्या कसबी माणसाचं काम असं कच्चं? बरं, नवं कातडं त्यांच्याच कपाटात पडून होतं.

त्यांच्या स्मरणाच्या उपासनेत मी बोलायचं ठरलंय. तू त्यांची लेक, काहीतरी चांगलं सुचव. मला सध्या फक्त तक्रारी सुचतात.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
खुडबुड्या

११ जून

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांचं काम कच्चं नव्हतं रे. ते तसं ठेवायचे.

मी नर्सिंग शिकायला निघाले तेव्हा बाबांनी एका शब्दाने अडवलं नाही की जा म्हटलं नाही. गुपचूप ट्रंक बनवली. कोपऱ्यांना पितळ, आत कप्पे, झाकणाला आतून त्यांनीच रचलेलं गीत. शहरात आल्यावर थोड्याच दिवसांत तिचं कुलूप अडकलं. दोन कुलूपवाल्यांनी हात टेकले. गणवेश आत आणि मी बाहेर! मैत्रिणीचा ढगळ गणवेश घालून आठवडा काढला, मग सुट्टी मागून ट्रंक उचलून घरी आले. बाबांनी खिळा घातला, टक्कन उघडली. चार दिवस राहिले, त्यांनी मला डोळ्यांआड होऊ दिलं नाही. निघताना आईने बाजूला घेऊन सांगितलं, की यांचं काम कधीच पुरं होत नाही, कारण पुरं झालं तर माणूस परत कशाला येईल.

तेव्हा मी हसले. कुलूप दुसऱ्यांदा अडकलं तेव्हा मात्र भडकले. छिन्नीने फोडलं आणि तसं बाबांना कळवलंही. त्यांच्या उत्तरात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मग मीही कमीच जात गेले. आता वाटतं, उगाच कळवलं.

ते वाईट नव्हते. माणसांचे भुकेले होते. हे उपासनेत बोलू नकोस, लोक त्यांना संत समजतात, समजू देत. तू मात्र प्रत्येक गाठ पक्की कर आणि नीघ. नाहीतर त्या सुतळीने तुलाच बांधतील. माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. आणि येण्याआधी स्वतःचे केस स्वतः कापू नकोस, आरशात बघून कापलेले लगेच कळतात.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
आत्या

२२ जून

ती. आत्यास,
स. सलाम.

तुझं पत्र वाचून आधी आजोबांचा संताप आला, मग रडू आलं. मग हातोडी घेतली.

भात्याला नवं कातडं चढवलं. घड्याळाचं चाक बदललं, पंपाचा दांडा नवा बसवला. शाळेच्या बाईंना पायपेटीवर बसवून सगळी गायनं शिकवली. आमच्या फाटक्या भात्यावर त्या इतकी वर्षं कशा गप्प राहिल्या कोण जाणे, माझ्यापेक्षा कितीतरी बऱ्या वाजवतात. स्मरणाच्या उपासनेत मी एवढंच सांगितलं, की आजोबांना दारात माणूस आलेलं फार आवडायचं. मंडळी रडली.

बॅग भरली आहे. तीस तारखेच्या गाडीने येतोय. खोलीत उशी जाड ठेव.

तुझाच,
खुडबुड्या

१ जुलै

चि. खुडबुड्यास,

काल शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत स्टँडवर उभी होते. सुतारखान्याचे मालक आज सकाळी विचारून गेले, मी त्यांना तुला ताप आल्याची थाप मारली. खरंच ताप असेल तर दोन ओळी टाक. नसेल तर चार ओळी टाक, म्हणजे मला नीट रागावता येईल.

काळजीत,
आत्या

६ जुलै

ती. आत्यास,
स. सलाम.

ताप नाही. कसं लिहावं तेच कळत नव्हतं.

सगळी कामं पक्की झाली आणि दाराशी येणं थांबलं. एकदम. लोक रस्त्याने जातात, सलाम करतात, घड्याळ छान चाललंय म्हणतात आणि पुढे जातात. रविवारी मी मागच्या बाकावर बसलो, बाईंनी सुंदर वाजवलं, माझ्याकडे वळून बघायचं कुणाला कारणच नव्हतं. हेच तर हवं होतं मला! पण घरी आलो आणि घर खायला उठलं. दिवसभर दार उघडं टाकून आजोबांच्या स्टुलावर बसून राहिलो. पाऊल वाजलं की उठायचो. तुझ्या शहरात तर मला कुणी ओळखतही नाही, आत्या. तिथे माझ्या दाराशी कोण येणार?

गाडीच्या दिवशी सकाळी बॅग हातात घेऊन निघत होतो, तेवढ्यात शेजारच्या शिंपीणकाकू शिवणयंत्र घेऊन आल्या. चाक अडकलं होतं. मी बॅग ठेवली, यंत्र उघडलं, साफ केलं, तेल दिलं. लोण्यासारखं चालायला लागलं. शेवटचा स्क्रू राहिला होता. काकूंनी झालं का विचारलं. मी झालं म्हणालो, पण खडखडलं तर आणा असंही सांगितलं.

तो स्क्रू मी पिळला नाही. मुद्दाम.

काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, की मी अगदी आजोबांवर गेलोय.

मालकांना म्हणावं, जागा दुसऱ्या कुणाला द्या. तू रागाव, हवं तेवढं रागाव, फक्त लिहायचं थांबू नकोस.

तुझा,
खुडबुड्या