लोणच्याची बरणी

देवळाली प्रवरा, श्रावण १९४६

ती. वन्संस, दमयंतीचा वाकून नमस्कार.

यंदाच्या लोणच्याला बुरशी माझ्यामुळे आली. दुसऱ्यांना पेढ्या-बर्फीचे डोहाळे लागतात, मला मेलीला लागले खाराचे. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी धुणं पिळता पिळता उठायची आणि ओला हात तसाच बरणीत घालायची. चोखलेल्या कोयी इकडच्या टोपीच्या डब्यात लपवायची. टोपीला खाराचा वास आला, तर इकडून उंदरांना शिव्या! मी पदरात तोंड खुपसून हसले.

मग सासूबाईंनी बरणी उघडली. म्हणाल्या, "विटाळशीनं शिवल्याखेरीज माझं लोणचं नासत नाही." त्या आठवड्यात बाहेर बसलेल्या, माहेरपणाला आलेल्या तुम्ही एकट्याच. मला सहावा महिना, माझ्यावर संशय येणार कसा? तुमच्या लग्नाला नऊ वर्षं होऊनही दर महिन्याला बाहेर बसावं लागतं, त्यात हा बोल. तुम्ही देवाची शपथ घेतलीत, आणि मी पोटावर हात ठेवून गप्प उभी राहिले.

सासरी निघताना तुम्ही माझी ओटी भरलीत. नारळाखाली एक लाकडी चमचा होता. "यापुढे हात नको गं घालूस," एवढंच हळूच म्हणालात.

तुमचे मामंजी पत्रं मोठ्यानं वाचतात, म्हणून हे धाडत नाही, अशी मी माझीच समजूत घालते.

परवा सासूबाईंनी विचारलं, "हा चमचा कुठला गं?"

मी म्हटलं, "माझ्या माहेरचा."

तुमची,
दमयंती