सिग्रूनच्या भाषेचा तिसरा धडा

घाटकोपर,
ता. १४ ऑक्टोबर १९५६

चि. बाळा यास,

मोठ्या भावाचा आशीर्वाद (हा आईने लिहायला लावला, माझा स्वतःचा मी तूर्त अडवून ठेवला आहे). आईचे गुडघे ठीक, माझं डोकं ठीक नाही. तुझ्या प्रकृतीची चौकशी करत नाही. सहा ओळींच्या पत्रात आईला न विचारता केलेलं लग्न कळवणारा माणूस धडधाकटच असणार.

मासेमारी बोटींची इंजिनं शिकायला सरकारने तुला आइसलँडला धाडलं, ते इंजिनं शिकायला. आई दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी डोळे पुसून म्हणाली, सुनेला आपली भाषा येईपर्यंत तिच्याशी बोलणार कोण? आणि तू पाठवलेलं ते सुनेच्या भाषेच्या व्याकरणाचं पुस्तक माझ्या पुढ्यात आपटलं. ते इंग्रजीत, मी मॅट्रिक, म्हणून घरातला मास्तर मी.

गाढवा, ही काय भाषा आहे? मासा आपला आपण पोहत असला तर फिस्कुर, आपण खाल्ला की नुसता फिस्क. एक ते चार आकड्यांनासुद्धा लिंग आहे, पाचाला का सोडलं कोण जाणे. ऑफिसातून थकून आल्यावर मी घोड्याची रूपं ओरडतो, हेस्तुर, हेस्त, हेस्ती, हेस्त्स. शेजारचे काशीराम विचारून गेले, घरात कुणाला बाधा झाली आहे का. आईला मात्र 'येग बोर्दा फिस्क', म्हणजे मी मासे खाते, हे एका झटक्यात आलं. घोड्यावर तिचा विश्वास नाही.

खरी वाट लागली ती तिसऱ्या धड्यात. प्रश्न: तुझ्या नवऱ्याचं नाव काय? उत्तर द्यायची पाळी तुझ्या वहिनीची. रुक्मिणीने तोंडाला पदर लावला. नऊ वर्षांत जे नाव घेतलं नाही ते परक्या भाषेत का घेईन, म्हणाली. मी आरडाओरडा केला, तर आई मलाच म्हणाली, "गप रव मेल्या, तिका सुचांदे." गुरुवारपासून आम्ही त्या धड्यावर अडकलो. काल रात्री जेवणं झाल्यावर रुक्मिणी भिंतीकडे तोंड करून म्हणाली:

येग बोर्दा फिस्क, वर सोलकढीची वाटी,
मार्तंडरावांचं नाव घेते धाकट्या जावेसाठी.

आईने तिला शंभर गुण दिले. मास्तर मी, पण मला कुणी विचारलं नाही. तुझी बायको सिग्रून तर लग्नानंतरही बापाचंच नाव लावते (थोरकेल्सदोत्तिर, म्हणजे थोरकेलची मुलगी; व्याह्यांकडून जानवसा-मानपान काहीच झालं नाही, ते आईचं दुखणं या एका नावात अडकलंय). मला या प्रकाराची चीड आली आहे. बापाच्या माघारी तुझी फी मी भरली, आणि तुझ्या लग्नात मला अक्षता टाकायलाही मिळू नयेत, याचं वाईट वाटतं. तेव्हा या घरात पाऊल टाकायचं नाही, हे शेवटचं सांगतो.

तुझा (नाइलाजाने) भाऊ,
मार्तंड

ता. क. पाऊल न टाकण्याचं वर लिहिलंय ते तुझ्यापुरतं. सिग्रूनला लागू नाही.

ता. क. दुसरा. तिला एकटीला रस्ता सापडायचा नाही, तेव्हा स्टेशनापासून घरापर्यंत तू सोबत ये. पुढचं आई बघेल.

ता. क. तिसरा. माप ओलांडताना आईला तिला सांगायचं आहे, 'सावकाश ये बाय, उंबरा उंच आहे.' पुस्तकात घोडा, जहाज, बर्फ सगळं आहे, उंबरा नाही. उलट टपाली कळव, आणि मोठ्या अक्षरात देवनागरीत लिही. आई म्हणते, हे मार्तंडाकडून शिकायचं नाही, ती स्वतः वाचणार आहे.