मल्हारीचा टाक

८ जानेवारी १९७९, औरंगाबाद

खोली मिळाली! शहागंजच्या मागं, वरच्या मजल्यावर. खिडकीत भरपूर ऊन. चिकलठाण्याच्या कारखान्यात बल्ब कागदात गुंडाळायचं काम आहे. घरमालकीण राजाबाई धनगराच्या, माझ्यासारख्याच विधवा. आल्याआल्या गुळाचा चहा दिला, मग विचारलं, कुणाच्या तुम्ही? आम्ही बौद्ध. आधी खरं सांगितलं तेव्हा लोकांनी दारं लावून घेतली. म्हणून म्हणाले, धनगरच, बिडकीनकडचे. मालकांचं नाव मल्हारी. तोंडात आलं ते नाव.

बाबासाहेबांचा आणि माझ्या नवऱ्याचा, कडुबाचा, फोटो पेटीत लुगड्यांखाली ठेवलाय. गेल्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून आमची वस्ती पेटवली. शेजारच्या म्हातारीला काढायला कडुबा आत गेला, तो गेलाच. त्याचं नाव माझ्या हातावर गोंदलेलं आहे, लग्नानंतरच्या जत्रेतलं. शाळा नव्हती, मी पहिला वाचायला शिकले तो हाच शब्द. इथं लांब बाह्यांचं पोलकं घालते.

२ फेब्रुवारी

राजाबाई चिडवतात, धनगरीण असून घोंगडीची घडी येत नाय व्हय? मागच्या आठवड्यात विचारलं, मालकांचा टाक कुठाय? त्यांच्यात मेलेल्या माणसाची चांदीच्या पत्र्यावर मूर्ती उठवून देवात बसवतात. मी म्हणाले, ऐपत नव्हती. त्यांनी जपून ठेवलेली स्वतःची जोडवी सोनाराला देऊन टाक करून आणला. म्हणाल्या, आपलं माणूस उघड्यावर भटकू नये.

नाही कसं म्हणू? नसलेला मल्हारी आता माझ्या कोनाड्यात आहे, भंडारा लावलेला. रोज भाकरीचा नैवेद्य दाखवते. कडुबाला मात्र पेटीत ठेवलंय.

१९ फेब्रुवारी

नैवेद्याची भाकरी उरत नाही. उंदीर असतील. खोलीला ओल्या लोकरीचा वास येतो. राजाबाई आनंदात सांगतात, तुमच्या मालकांची चाल लई दमदार, जिन्यावर काठी वाजते.

मी हसले. रात्री मात्र दाराला आतून कडी घातली.

४ मार्च

हातावरची अक्षरं फिकी झालीत. साबणानं गोंदण जातं का?

पेटी उघडली. बाबासाहेब तसेच आहेत. कडुबाच्या फोटोत चेहऱ्याच्या जागी पांढरं — उन्हानं उडावं तसं. पेटीत ऊन कुठलं?

उशीवर भंडाऱ्याची बोटं. माझी नाहीत.

११ मार्च

राजाबाईंना सगळं सांगितलं. जात, आग, खोटं नाव. खोली गेली तर जाऊ दे, पण माझा नवरा मला परत पाहिजे. त्या रागावल्या नाहीत.

मग म्हणाल्या, “बाई, मल्हारी खोटा असता तर रोज सकाळी मला वहिनी म्हणून हाक कोण मारतं?”

आणि मायेनं विचारलं, “बरं, खऱ्या मालकाचं नाव काय?”

मी तोंड उघडलं —

आलं नाही.

१२ मार्च

हात कोरा.

हीच वही मागं उलटली. त्याचं नाव मीच लिहिलंय, दिसतंय. पुढचं-मागचं सगळं वाचता येतं. तेवढा एक शब्द वाचता येत नाही.

कसा हसायचा — म्हातारीला काढायला आत — कोण गेलं होतं —

१३ मार्च, सकाळ

टाक राजाबाईंच्या उंबऱ्यावर ठेवून आले. परत आले तर कोनाड्यातच.

बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावला. सगळ्यांना दिसेल असा. मी केसर. मी बौद्ध. एवढं अजून आहे.

जिन्यावर काठी — राजाबाई खाली कुणाशी तरी हसून बोलतात —

वाचता येत नाही तर नुसतं बघून गिरवते. मागचं पान उघडं धरलंय. आधी उभी रेघ, तिला दोन्हीकडं गोल. तो माझा होता. त्याचं नाव

कडी निघाली —

क