चोवीस पानांचं पाठांतर

प्रिय कप्तान,

अजून तू कप्तान झालेला नाहीस, पण कॉलेजच्या कँटीनमध्ये मीच तुला ही पदवी देऊन टाकली होती, तेव्हा तीच चालू दे. मंगळवारी तपासणीला आलास आणि पाच मिनिटांत आटोपून गेलास, त्यामुळे बोलायचं राहिलं. आता निवांत लिहिते. तुलाही पुढे सवडच सवड आहे.

आठवतं का रे, जहाजाची डिग्री हातात आली आणि तू जिन्यात बसून लहान पोरासारखा रडलास? लाल-हिरव्यातला फरक तुझ्या डोळ्यांना कळत नाही, म्हणजे कुठलीच कंपनी दारात उभं करणार नाही. मी तेव्हा डोळे तपासायचं शिकत होते. रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेलं ते पुस्तक मी विभागाच्या कपाटातून पिशवीत घालून पळवलं आणि त्याच जिन्यात तुझ्याकडून चोवीस पानं घोकून घेतली. कितव्या पानावर कुठला आकडा, बस. दिसत तुला काही नव्हतं, पण आठवड्याभरात पोपटासारखा बोलायला लागलास. पहिल्या तपासणीत पास झालास तेव्हा आपण भर रस्त्यात वेड्यासारखे हसत सुटलो होतो. इतकं सुख मला नंतर कधी झालं नाही, हे खरंच सांगते.

पण तपासणी दर दोन वर्षांनी. एखाद्या शहाण्याने पानं मागेपुढे केली की तुझं बिंग फुटलंच. म्हणून मोठ्या इस्पितळातल्या नेमणुकीला मी नकार कळवला आणि तुझ्या कंपनीच्या तपासणी केंद्रात चिकटले. टायरच्या दुकानावरची खोली, खिडकीला काळा पडदा, फाटक्या रेक्झिनची खुर्ची. शेजारी कारकून बसून उत्तरं लिहून घेतो, म्हणून तुला पाढा पाठ हवा आणि मला पानं ओळीने उलटायला हवीत. बाबांनी दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. ताई म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस. मी तिच्यावरच चिडले. लग्नाचं विचारलं की तू म्हणायचास, पुढच्या बढतीनंतर. तीन बढत्या झाल्या. माझ्या वर्गातली एक जण आज त्या इस्पितळात विभागप्रमुख आहे. भेटली की विचारते, अजून तिथेच का गं? मी आपली हसून वेळ मारून नेते.

यंदाचा तुझा फॉर्म आठ दिवस आधी आला. तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावं, या रकान्यात इतकी वर्षं तुझ्या दादाचं नाव असायचं. यंदा एका बाईचं. नात्याच्या जागी, पत्नी. तुझ्याच वळणदार अक्षरात. अरे, हा फॉर्म माझ्याच टेबलावर येतो, एवढंसुद्धा तुझ्या ध्यानात राहिलं नाही? गरज सरो नि वैद्य मरो, हे ऐकून होते. तू तर गरज सरायच्या आधीच मला मारून मोकळा झालास.

तरी मी आठ दिवस वाट पाहिली. वाटलं, येशील, मान खाली घालशील, सांगशील. मी शिव्या घातल्या असत्या, रडले असते आणि पुस्तक नेहमीसारखंच उघडलं असतं. आईशपथ. त्यासाठी नेहमीचं पुस्तक खणात तयार ठेवलं होतं. तू आलास, घड्याळ पाहिलंस, खाली गाडीत कोणीतरी थांबलंय म्हणालास आणि जरा लवकर आवर म्हणून सांगितलंस.

मग मी दुसरं पुस्तक काढलं. त्याची पानं सुटी करून मी आदल्या दिवशी पुन्हा लावली होती. पहिल्या पानावरचा आकडा तुझ्यासारख्यालाही दिसतो, ते जागेवर ठेवलं. बाकीची तेवीस मागेपुढे. तू खुर्चीत ऐसपैस टेकलास आणि जुना पाढा घडाघडा म्हणून टाकलास. पानाकडे नीट पाहिलंही नाहीस, केवढा तो माझ्यावर भरवसा. चौथ्या पानाला कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, तो लिहीत राहिला. जाताना तू विचारलंस, जमलं ना? मी म्हटलं, जमलं.

तुझ्या उत्तरांचा कागद त्याच दिवशी कंपनीत गेला. आधीच्या पाच तपासण्या मी कशा केल्या, तेही सोबत लिहून दिलंय, म्हणजे माझी नोकरीही गेल्यातच जमा. जहाजावरच्या माणसांची काळजी वाटून हे केलं, असं म्हणणार नाही. बारा वर्षं ती मला वाटली नव्हती. कंपनीचं पत्र तुला सोमवारी मिळेल. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. अशा गोष्टी माणसाला फॉर्मवरून कळू नयेत.

मंगळवारपर्यंत तुझीच,
डोळेवाली